तोंडी होकार

माझ्या कामात तोंडी होकाराला काडीची किंमत नाही. आखातातल्या रास लफानच्या एका गॅस प्लांटमध्ये मी परमिट ऑफिसात बसते. प्लांटमध्ये कुणाला पाइप कापायचा असो, वेल्डिंग करायचं असो की रिकाम्या टाकीत उतरायचं असो, आधी त्या कामाचं परमिट लागतं आणि परमिटवर माझी सही लागते. "मॅडम, सुपरवायझर ने हां बोला है," असं सांगत रोज कुणीतरी काउंटरवर येतं आणि मी रोज त्याला आल्या पावली परत पाठवते. परमिट एका शिफ्टपुरतं असतं. शिफ्ट बदलली की जुनी सही संपली. नव्या माणसाने काम पुन्हा बघायचं, पुन्हा सही करायची. माझा स्वतःचा आणखी एक नियम आहे. ज्या जागी काम होणार, ती जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सही करत नाही. जुलैच्या उन्हातही हेल्मेट चढवून चालत जाते. मागे कुरकुर चालते ती मला ऐकू येते, पण मी बधत नाही.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण हीच बाई फोनच्या पडद्यावरून आलेल्या एका तोंडी होकारावर सात महिने निर्धास्त बसली होती.

माझी मुलगी बास्केटबॉल खेळते. सोळाव्या वर्षीच ती सहा फुटांना दोन बोटं कमी अशी झाली. नाशिकहून माझी आई दर फोनला विचारायची, "थांबली का गं उंची?" जणू मी नळ बंद करायला विसरले होते. आम्ही राहतो अल सद्दला आणि तिचा क्लब मदिनत खलीफात. आठवड्यातून चार संध्याकाळी मी तिला गाडीने सोडायची आणि तिथेच बाकावर बसून राहायची. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण न कळणारी गोष्ट समोर दोन तास चालू असेल तर मला गप्प बसवत नाही. शिट्टी का वाजली, ही आत का गेली, ती बाहेर का आली, असं मी शेजारी बसलेल्या कुणालाही विचारायची. वर्षभरात मला शिट्टीच्या आधीच फाउल दिसायला लागला.

क्लबची कोच लेबनॉनची. बुटकी, खणखणीत आवाजाची, हाताला सतत पट्टी गुंडाळलेली. ती एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझी मुलगी अमेरिकेत कॉलेजसाठी खेळू शकते. ते फी न घेता शिकवतील, राहायला-खायला देतील, आणि ही खेळेल." मी विचारलं, "त्यांना कसं कळणार ही इथे आहे ते?" ती म्हणाली, "तू सांगायचंस."

मग मी सांगत सुटले. फोन स्टँडवर लावून मी प्रत्येक मॅच चित्रित केली. नवरा आयटीतला, तो कापाकापी करून तीन-तीन मिनिटांच्या चित्रफिती बनवायचा. त्यातल्या सगळ्यांत माझा आवाज आहे. "अगं पास दे ना! दे ना!" तो आवाज काढून टाकायला नवरा विसरला आणि आमचं ते "दे ना" अमेरिकेतल्या चाळीसेक कॉलेजांत जाऊन पोचलं.

चाळिसांपैकी तिघांनी उत्तर दिलं. एक कॉलेज अगदी उत्तरेकडचं, बर्फाचं. एक मक्याच्या शेतांच्या मधोमध. एक समुद्रकाठचं. नावं मी घेत नाही. घरातही आम्ही त्यांना बर्फ, मका आणि समुद्र असंच म्हणायचो. मुलगी अकरावीत गेली तेव्हा बर्फवाल्या कोचबाईंनी कळवलं की आमची तुला ऑफर आहे, आठवडाभर विचार कर आणि व्हिडिओ कॉलवर सांग.

ऑफर म्हणजे काय, हे विचारायला मी लेबनीज कोचकडे गेले. माझे प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते.

"ही ऑफर कुठे लिहिलेली असते?"

"कुठेच नाही. ती तोंडी असते. हिने हो म्हटलं तर तेही तोंडी. त्याला कमिट करणं म्हणतात."

"मग सही कधी?"

"बारावीच्या नोव्हेंबरात."

मी बोटांवर महिने मोजले. चौदा. "आणि या चौदा महिन्यांत त्यांनी नाही म्हटलं तर?"

"म्हणू शकतात."

"हिने नाही म्हटलं तर?"

"म्हणू शकते. बऱ्याच मुली म्हणतात. हो म्हणून झाल्यावरही दुसऱ्या कॉलेजांशी बोलत राहतात. कागद येईपर्यंत कुणीच कुणाचं नसतं."

मी आ वासून ऐकत राहिले. ज्या देशाच्या व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे फिरलात तेही लिहून द्यावं लागतं, त्या देशात सोळा वर्षांच्या मुलीची चार वर्षं नुसत्या 'हो'वर ठरतात? लिहून कोण ठेवतं? साक्षीदार कोण? कोचला माझ्या प्रश्नांचा कंटाळा आला असावा. ती चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून म्हणाली, "हबीबती, इट्स अ वर्ड. खलास."

खरं तर इथेच माझ्यातल्या परमिटवालीने दार लावून घ्यायला हवं होतं. पण झालं उलटंच. गाडी चालवत घरी येताना मला एकदम हायसं वाटलं, कारण ही पद्धत माझ्या ओळखीची निघाली. हे तर आपल्याकडचं स्थळ. फोटो पाठवायचा, उंची कळवायची, दोन्ही घरांनी बघायचं, पसंती कळवायची. मग बोलणी. कागद नंतर कधीतरी होतात, ते कुणी बघतही नाही. बोलणी झाली म्हणजे झालं.

माझं लग्न असंच ठरलं. फोनवरून पसंती कळवली आणि तिसऱ्याच दिवशी पुण्याहून दुसरं, फार चांगलं स्थळ आलं. मुलगा परदेशात, घरचे स्वतःहून विचारत होते. माझ्या वडिलांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. दारातच हात जोडून म्हणाले, "आम्ही बोललो आहोत." बस, एवढंच. मी आतल्या खोलीत होते. तेव्हा मला वडिलांचा जो अभिमान वाटला तो अजून गेलेला नाही. नवरा अजून चिडवतो, की त्या दिवशी तुझे वडील घरी नसते तर मी वाचलो असतो.

तर कॉलच्या दिवशी मी पोहे केले. बर्फाकडे सकाळचे नऊ, आमच्याकडे संध्याकाळचे पाच. नवऱ्याने पोह्यांची बशी बघितली आणि त्याला हसू आवरेना. "त्या बाईंना कसे देणार आहेस? चार्जरच्या भोकातून?" मी म्हटलं, आपल्या हातात बशी असली की बोलायला बरं पडतं. मुलगी क्लबचा टी-शर्ट घालून बसली होती आणि टेबलाखाली तिचा पाय एकसारखा हलत होता. पडद्यावर बर्फवाल्या मुख्य कोचबाई आल्या. पन्नाशीच्या, प्रसन्न. त्यांनी आमच्या मुलीच्या डाव्या हाताचं कौतुक केलं, आमच्या घराचं केलं, मागे दिसणाऱ्या गणपतीचंही केलं. मग म्हणाल्या, "सो?"

मुलगी म्हणाली, "आय वॉन्ट टू कमिट."

त्या बाईंनी दोन्ही हात वर केले, मागून आणखी दोघी धावत आल्या, टाळ्या वाजल्या. तीन मिनिटांत कॉल संपला. मी पडद्याकडे बघत राहिले. माझ्या हातातल्या पोह्यांवरची शेव अजून मऊही पडली नव्हती.

त्यानंतर मी जे जे केलं ते सगळं आपल्या रीतीने केलं. मुलीला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. तिने तो एका हातावर फिरवून दाखवला. तिने तिच्या पद्धतीने इंटरनेटवर फोटो टाकला, त्या कॉलेजच्या रंगांत, खाली 'कमिटेड'. मी पेढे आणले आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत वाटले. लॅबमधली केरळची माझी मैत्रीण पेढा तोंडात टाकत म्हणाली, "कब जा रही है?" मी म्हटलं, "अगले साल के बाद. इन्शाल्ला."

आणि मग मी ते पत्र लिहिलं.

मका आणि समुद्र, दोघांच्याही मेल अजून येत होत्या. नवी मॅच पाठव, परीक्षा कशा झाल्या, उन्हाळ्यात येणार का. मुलगी उत्तरं देत होती. मला ते बघवेना. एका घरी पसंती कळवल्यावर दुसऱ्या घरची माणसं आशेवर ठेवायची?

ती म्हणाली, "आई, इट्स नॉट लाइक दॅट. एव्हरीवन कीप्स टॉकिंग. कोच पण म्हणाली."

"एव्हरीवनचं मला सांगू नकोस. आपण शब्द दिलाय."

"पण ते रूल नाहीये."

"आपल्या घरात आहे."

तिने खांदे उडवले आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी दोघींना एकच पत्र लिहिलं, तिच्या मेलवरून, खाली माझं नाव घालून. माझ्या ऑफिसातल्या इंग्रजीत, म्हणजे वाक्यं छोटी आणि वळणं नाहीत. आम्ही आपले आभारी आहोत. आम्ही आमचा शब्द दुसरीकडे दिला आहे. आमच्या घरात एका वेळी दोन ठिकाणी बोलत नाहीत. म्हणून आपण आता आमची वाट बघू नये. मुलगी मागून वाचत होती. ती "ओ माय गॉड, आई," म्हणत सोफ्यावर आडवी झाली आणि पुढे कित्येक दिवस तिच्या मैत्रिणींमध्ये 'आमच्या घरात एका वेळी दोन ठिकाणी बोलत नाहीत' हे वाक्य चेष्टेचा विषय झालं. समुद्राने उत्तर दिलं नाही. मकावाल्या बाईंनी दोन ओळी लिहिल्या. समजलं. असं पत्र मला आधी कुणी पाठवलेलं नाही. मला वडिलांच्या जोडलेल्या हातांची आठवण झाली आणि मी स्वतःवर खूश झाले.

एप्रिलमध्ये क्लबमधून परत येत होतो. सिग्नलला गाडी थांबली होती. मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसली होती, ती एकदम ताठ झाली.

"आई, शी लेफ्ट."

"कोण?"

"माय कोच." तिने फोन माझ्यापुढे धरला. बर्फवाल्या बाई दुसऱ्या एका मोठ्या कॉलेजात निघाल्या होत्या. फोटोत त्यांच्या अंगावर नवा रंग होता आणि चेहरा तसाच प्रसन्न.

मागचा हॉर्न वाजवत होता. गाडी पुढे काढताना मी म्हटलं, "असू दे. कॉलेज आहे ना जागेवर."

तिने फोन मांडीवर पालथा ठेवला. मग विचारलं, "आई, मी हो कोणाला म्हटलं? तिला की कॉलेजला?"

मी आयुष्यभर प्रश्न विचारत आले. हा मला सुचला नव्हता. चौदा महिने मोजले, साक्षीदार विचारले, पण दोन घरांमध्ये बोलणी झाली तरी समोरचं घरच बदलू शकतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कारण आमच्याकडे घरं बदलत नाहीत. शिफ्ट बदलली की सही संपते, हे मी रोज दहा माणसांना सुनावते. आणि माझ्याच मुलीच्या बाबतीत मला ते दिसलं नाही, याचा मला इतका राग आला की त्या संध्याकाळी मी कुणाशी धड बोलले नाही.

नव्या कोचचा कॉल यायला तीन आठवडे लागले. तरुण होती, घाईत होती. सगळ्या मुलींकडे मी नव्याने बघणार आहे, म्हणाली. आणखी दहा दिवसांनी तिचं पत्र आलं. आम्ही वेगळ्या दिशेने जायचं ठरवलं आहे, तुला शुभेच्छा. मुलीने ते वाचलं, लॅपटॉप मिटला आणि बूट शोधायला लागली. क्लबला जायची वेळ झाली होती. इंटरनेटवरचा 'कमिटेड'चा फोटो तिने गाडीत बसून काढून टाकला. मी समोर रस्त्याकडे बघत राहिले, कारण तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

बसमध्ये केरळच्या मैत्रिणीने दोनदा विचारलं, "बेटी का कैसा चल रहा है?" मी दोन्ही वेळा विषय बदलला. पेढे खाल्लेली चाळीस माणसं त्या बसमध्ये रोज माझ्या आजूबाजूला बसत होती. तोंड कुठे लपवावं ते कळेना. पण ती लाज माझी होती, ती गिळता आली असती. मुलीच्या हातात आता काहीच उरलेलं नव्हतं आणि ते तिच्या खेळामुळे नव्हे, माझ्या पत्रामुळे. इतर मुलींनी दोन दारं किलकिली ठेवली होती. हिच्या दारांना मी स्वतः कडी लावली होती.

मी तिला तसं सांगितलं. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, ती दूध पीत उभी असताना. "माझं चुकलं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही."

ती ओठांवरचं दूध पुसत म्हणाली, "हं." मग म्हणाली, "तू रडू नको हां. तू रडलीस तर मी पण रडेन, अँड आय हॅव प्रॅक्टिस."

मका आणि समुद्र, दोघींना मीच पुन्हा लिहिलं. शब्द दिला होता तो समोरून मोडला. मागचं पत्र माझं होतं, मुलीचं नव्हतं. तिला त्याची शिक्षा होऊ नये. ते पाठवताना कान गरम झाले होते. माझ्या वडिलांवर त्या पुण्याच्या लोकांकडे परत जायची वेळ आली असती तर ते गेले असते का, हे मला ठरवता आलं नाही. मुलीसाठी गेले असते, असं आता वाटतं.

समुद्राकडून काही आलं नाही. मकावाल्या बाईंनी जूनमध्ये कॉल लावला. या वेळी मी पोहे केले नाहीत. बाई उंच, आवाज घोगरा, मागे भिंतीवर नुसतं घड्याळ. कुठलंच कौतुक न करता त्यांनी आधी विचारलं, "व्हिडिओत ओरडणारी बाई कोण? आणि 'दे ना' म्हणजे काय?" मी हात वर केला. अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "बरोबर ओरडत होतीस. दरवेळी तिने पास उशिरा दिला आहे." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला ती बाई तिथेच आवडली.

मग त्यांनी ऑफर दिली. तोंडी. मुलीचा पाय टेबलाखाली हलत नव्हता. तिने विचारलं, "तुम्ही कॉलेज सोडून गेलात तर तुम्ही दिलेला शब्द कोणाचा?"

मला वाटलं, झालं, आता हेही गेलं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मी इथे अकरा वर्षं आहे. पुढच्या वर्षीही असेन असं मला वाटतं, पण खात्री देत नाही. मी गेले तर माझा शब्द माझ्याबरोबर जाईल. कागद कॉलेजचा असतो, तो राहतो."

"मग मी कागद आला की सांगते," मुलगी म्हणाली.

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण तोवर मीही दुसऱ्या मुलींशी बोलणार. जागा भरली तर भरली."

"ओके."

कॉल संपल्यावर नवरा म्हणाला, "तुझ्या परमिट ऑफिसात हिला घेतील." मलाही अभिमान वाटला. धास्तीही वाटली. कारण आता कुणाचाच शब्द कुणाकडे नव्हता आणि जागा एकच होती.

सप्टेंबरात अचानक समुद्र परत आला. नवीन मॅच बघितली, आवडली, बोलू या का? मला कोण आनंद झाला. आता मी शहाणी झाले होते. मी मुलीला म्हटलं, "दोन्हीकडे बोलत राहायचं. नोव्हेंबरपर्यंत कुणालाही नाही म्हणायचं नाही. एक गेलं तर दुसरं आहे." ती "हं" म्हणाली. तिच्या त्या 'हं'चा अर्थ मला सतरा वर्षांत लागलेला नाही.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी मी तिला विचारलं, की समुद्रवाल्यांचा कॉल कधी आहे. तिने सॉसची बाटली हलवत सांगितलं, "नाहीये. आय रोट टू देम."

"काय लिहिलंस?"

"की नको."

मी हातातलं काम टाकलं. मका काय म्हणते? मक्याकडून अजून काही नव्हतं. त्यांनी मधल्या काळात एका मुलीला घेतलंही होतं. ती दुसऱ्या जागेवर खेळणारी होती, पण घेतलं होतं. मग कशाच्या जोरावर नको म्हणालीस? माझा आवाज चढला. "तू त्या मक्याला शब्दसुद्धा दिलेला नाहीस!"

"नाही दिला."

"मग?"

"मग काय? मला तिकडेच जायचंय."

"आणि तिने दुसरी घेतली तर?"

"तर घेतली." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "शी टोल्ड मी स्ट्रेट. बाकी कोणी सांगितलं नव्हतं."

मी लॅपटॉप मागितला. दाखव काय लिहिलंस. मला वाटलं, भाषा जर सांभाळून वापरली असेल तर अजून सावरता येईल. तिने पाठवलेलं पत्र काढून दिलं. वाक्यं छोटी होती आणि वळणं नव्हती. मी तुमची आभारी आहे. माझं मन दुसरीकडे ठरलं आहे. आमच्या घरात एका वेळी दोन ठिकाणी बोलत नाहीत. म्हणून तुम्ही आता माझी वाट बघू नये.

माझंच पत्र होतं. तिने ते वर्षभर जपून ठेवलं होतं. 'आम्ही'चं 'मी' केलं होतं आणि शब्द दिल्याचं वाक्य काढून टाकलं होतं, कारण तो तिने दिला नव्हता. बाकी सगळं तसंच.

"याची तर तू चेष्टा करत होतीस," मी म्हटलं.

"हो, फनीच आहे," ती म्हणाली. "पण बरोबर आहे ना?"

या एका वाक्यापायी आमचे सात महिने वाया गेले होते. हेच वाक्य मी माझ्या वडिलांकडून घेतलं होतं आणि आता ते मी न देता हिच्याकडे गेलं होतं. मी तिला ओरडणार होते, पण ओरडले नाही. मी फक्त म्हटलं, "सॉस पुरे."

पुढचे पाच आठवडे मी रोज मेल उघडून बघत होते. बसमध्ये, काउंटरवर, जेवताना. मुलगी बघत नव्हती, किंवा मला दिसेल असं बघत नव्हती. रात्रीचं जेवण ती व्यवस्थित जेवायची, एवढ्यावर मी समाधान मानायचे. लेबनीज कोचला मी विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला वाटतं तिने पास लवकर द्यायला शिकावं."

नोव्हेंबरात कागद आला.

शनिवार होता. नवऱ्याने तो छापून आणला, चार पानं, अजून गरम. मी चारही पानं तीनदा वाचली. तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, की हे सगळं एका वर्षापुरतं आहे, दरवर्षी नव्याने ठरेल. मी ती ओळ बोटाने दाखवली. "म्हणजे यालाही मुदत आहे."

"माहितीये," मुलगी म्हणाली. "वन इयर ॲट अ टाइम."

मकावाल्या बाईंना तिने कागदाची मेल येताच फोन करून हो सांगितलं होतं, कागद आला की सांगते म्हणाली होती तसं. बाई म्हणे एवढंच म्हणाल्या, की मला वाटलंच होतं.

तिने सही केली. घाईघाईत, नेहमीसारखी, शेवटचं अक्षर ओळीच्या बाहेर. तिला अठरा पूर्ण नव्हती, म्हणून खाली पालकांची एक जागा होती. तिने पेन माझ्याकडे दिलं.

दिवसाला चाळीस सह्या करणारा माझा हात अडला. सवयीने मी विचारलं, "वाचलंस का सगळं? समजलं का?" काउंटरवर मी प्रत्येकाला हेच विचारते, त्याशिवाय परमिट देत नाही. ती म्हणाली, "हो गं. तू पण वाचलंस ना? तीनदा."

वाचलं होतं. पण ते मक्याचं शेत मी पाहिलेलं नव्हतं. ती खोली, ती कोर्टाची फरशी, त्या घोगऱ्या बाईंचे डोळे पडद्याबाहेर कसे दिसतात, यातलं काही मी जाऊन पाहिलं नव्हतं, आणि तिथे पाय ठेवेपर्यंत तीही पाहणार नव्हती. समोर माझी मुलगी उभी होती, सहा फुटांना आता एकच बोट कमी, यल्ला, चल लवकर म्हणत, कारण तिला क्लबला उशीर होत होता.

मी सही केली. नोकरीला लागल्यापासून जागा न बघता केलेली माझी ही पहिलीच सही.